उन्हाची वीज आणि वाटेतली तार

माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही. थट्टा करत नाही, त्याच्या डोळ्यांची ठेवणच तशी आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे आजूबाजूचं सगळं शिवार तो छान बघतो. मागून कोल्हा आला तरी त्याला कळतं. पण दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा समोरचा पट्टा अगदी अरुंद असतो. त्यात उडताना हा पक्षी मान खाली घालून जमीन न्याहाळतो, आणि मान खाली गेली की डोक्यावरचा आंधळा भाग नेमका उडण्याच्या दिशेला येतो. लाखो वर्षं यानं काही बिघडलं नाही. मोकळ्या माळावर आडवं येण्यासारखं काही नव्हतंच. आता तिथे तार आहे.

आणि हा पक्षी हलका नाही. मोठा नर १५ किलोपर्यंत भरतो, पंख पसरले तर दोन मीटरच्या वर जातात. वर्धा रोडवर गिट्टीनं भरलेला ट्रक जसा ब्रेक मारला तरी शंभर पावलं पुढे जाऊनच थांबतो, तसंच याचं. तार शेवटच्या क्षणी दिसली तरी वळायला सवड नसते.

हे सगळं मी नागपुरात बसून का सांगतोय? झालं असं की, गेल्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर तीन किलोवॉटचं सोलर बसलं. सूर्यघर योजनेचं ७८ हजारांचं अनुदान, वर नागपूरचं ऊन, त्यामुळे मे महिन्यात दोन कूलर चालवूनही बिल बघून हसू आलं. त्याच सुमारास माझ्या अकरावीतल्या पुतणीनं कुठेतरी वाचलं की राजस्थानात सोलरच्या तारांनी माळढोक मरताहेत. तिनं मला सरळच विचारलं, "काका, मग काय कोराडीचीच वीज वापरायची का?" तिला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे तेच राहिलेलं उत्तर आहे, थोडं लांबलेलं.

कोराडीचं आधी निकालात काढू. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक केंद्रं आहेत. कोळसा जळतो, वीज होते, राख उरते. २०२२ च्या जुलैत खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा गाळ शेतांत, नाल्यांत गेला. कोळसा जिथून येतो त्या चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या खाणी वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटांवरच आहेत. शिवाय तापमान वाढतं ते वेगळंच, आणि तेही शेवटी पक्ष्या-प्राण्यांच्याच मुळावर येतं. त्यामुळे "सोलर नको" हे उत्तर होऊच शकत नाही. प्रश्न सोलर कुठे उभं करायचं आणि त्याची वीज कोणत्या वाटेनं न्यायची, एवढाच आहे. एवढाच म्हटलं खरं, पण सगळं अडलंय ते तिथेच.

गच्चीवरच्या सोलरची गंमत ही की वीज तयार होते तिथेच खपते. नवी तार लागत नाही, नवी जमीन लागत नाही. मोठ्या प्रकल्पाचं तसं नसतं. एका मेगावॉटला ढोबळमानानं चार-पाच एकर जागा लागते. भारताची सौर क्षमता २०२५ च्या जानेवारीत १ लाख मेगावॉटच्या पुढे गेली. यातलं काही छपरांवर आहे, पण समजा सगळं जमिनीवर असतं, तर चार-पाच लाख एकर, म्हणजे १,६०० ते २,००० चौरस किलोमीटर लागले असते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प गाभा आणि बफर मिळून सुमारे १,७०० चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे एक अख्खं ताडोबा पॅनेलांनी झाकायचं. देशाच्या आकाराच्या मानानं हे फार नाही, हे खरं. पण ही जागा देशभर सारखी विखुरलेली नाही. ऊन जास्त, जमीन स्वस्त आणि विरोध करणारं कोणी नाही, अशा ठिकाणी ती एकवटते. पश्चिम राजस्थानातलं जैसलमेर तसं आहे, कच्छ तसं आहे. आणि उरलेले माळढोकही बहुतेक जैसलमेरलाच आहेत.

उरलेले म्हणजे किती? जगात दीडशेच्या आत. २०११ पासून हा पक्षी 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या एक पायरी अलीकडे. मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याची मोठी झालेली एक मादी मेली, की कितीतरी वर्षांची भर एका फटक्यात जाते. भारतीय वन्यजीव संस्थेनं जैसलमेरच्या आसपासच्या ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये पाहणी करून अंदाज मांडला होता की तिथे तारांमुळे दरवर्षी सगळ्या जातींचे मिळून सुमारे ८४ हजार पक्षी मरतात. त्यांत माळढोक थोडेच. पण जे मुळातच थोडे आहेत, त्यांतले थोडे जाणं म्हणजे बरंच जाणं.

आता तारेनं पक्षी मरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घेऊ. कारण यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि दोन्हींचे उपायही वेगळे. पहिला प्रकार धडकेचा. यात विजेचा संबंधच नाही. तार बंद असली तरी माळढोक धडकून मरेल. दुसरा प्रकार करंटचा. तारेवर चिमणी बसते, तिला काही होत नाही, कारण वीज तिच्यातून जाऊन पोहोचेल असं दुसरं टोकच नसतं. पण मोठ्या पक्ष्याचा एक पंख एका तारेला आणि दुसरा शेजारच्या तारेला किंवा लोखंडी पोलला लागला, की टोक मिळालं. गावात शेतावरून जाणारी अकरा केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, लाइन बघा, तिच्या तारांत जेमतेम मीटरभर अंतर असतं. सारसाचे पंख आठ फूट पसरतात.

सारसाचं नाव उगाच घेतलं नाही. आपल्या विदर्भातली ही गोष्ट गोंदिया-भंडाऱ्याच्या धानशेतीतली आहे. महाराष्ट्रात सारस उरलेत ते तिथेच, आणि तेही बोटांवर मोजण्याच्या थोडेच पुढे. माणसाएवढा उंच, कायम जोडीनं फिरणारा हा पक्षी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, घरटं करतो आणि त्याच बांधीवरून लाइन जाते. तारांमुळे तिथे सारस दगावले. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्या सुनावण्यांत धान, कीटकनाशकं, तलाव हे विषय आले तसा तारांचाही आला. त्यामुळे हे भांडण राजस्थानचं आहे असं नागपूरकरानं समजू नये. आपण ते सिव्हिल लाइन्समधल्या कोर्टात ऐकलंय.

आता उपाय. लोकांच्या मनात पहिला येतो तो हा की, तार जमिनीखालून न्या. ऐकायला सोपं वाटतं. कमी दाबाच्या लाइनींना ते जमतंही. अकरा आणि तेहतीस केव्हीच्या केबली शहरांत जमिनीखालून जातातच. अडचण येते ती चारशे किंवा साडेसातशे केव्हीच्या, शेकडो किलोमीटर जाणाऱ्या मोठ्या लाइनींची.

का? वर टांगलेली तार उघडी असते आणि वारा तिला थंड करतो. जमिनीतल्या केबलला जाड आवरण लागतं आणि तिची उष्णता मातीत कोंडते. पण खरी खोच दुसरीच आहे. केबलच्या आत तार आणि तिच्याभोवतीचं धातूचं कवच, मध्ये आवरण. अशी रचना वीज साठवून ठेवते. रबरी पाइपासारखं समजा. शेतात लांबलचक मऊ पाइप टाकला, की मोटार सुरू केल्यावर आधी पाइप फुगतो, मग पलीकडे पाणी येतं. आपली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. म्हणजे हा पाइप दर सेकंदाला पन्नास वेळा एका बाजूनं फुगवायचा आणि पन्नास वेळा उलटा. पाइप थोडा लांब असेल तर चालून जातं. फार लांब झाला, की सगळा जोर फुगवण्यातच जातो आणि पलीकडच्या टोकाला हाती काही लागत नाही. यावर तोडगे आहेत, मध्ये मध्ये यंत्रं बसवता येतात, वीज एकदिश करून नेता येते. पण खर्च कितीतरी पटीनं वाढतो, आणि बिघाड झाला की कुठे झाला हे शोधून जमीन खोदावी लागते.

सर्वोच्च न्यायालयात हाच पेच आला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा घडवण्यात ज्यांचा मोठा हात होता, ते निवृत्त सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह माळढोकासाठी २०१९ मध्ये कोर्टात गेले. १९ एप्रिल २०२१ ला कोर्टानं आदेश दिला: राजस्थान-गुजरातमधल्या सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरमध्ये कमी दाबाच्या तारा जमिनीखाली घ्या, मोठ्यांचं शक्य आहे का ते तपासा. ९९ हजार चौरस किलोमीटर म्हणजे अख्ख्या विदर्भापेक्षा थोडंसं जास्तच. सरकार म्हणालं, एवढ्या मोठ्या भागात हे शक्य नाही, आणि २०३० पर्यंत ५ लाख मेगावॉट बिगरकोळसा विजेचं ठरवलेलं उद्दिष्ट बुडेल. मग २१ मार्च २०२४ ला कोर्टानं तो सरसकट आदेश मागे घेतला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. याच निकालात कोर्टानं हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क मानला. पक्ष्यासाठी सुरू झालेल्या खटल्यात माणसाचा हक्क सापडला, असं एक वळण.

२०२५ च्या डिसेंबरमध्ये पुढचा निकाल आला. आता राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातमध्ये ७४० चौरस किलोमीटर हा 'प्राधान्य क्षेत्र' म्हणून राखायचा, तिथे नव्या पवनचक्क्या नाहीत, दोन मेगावॉटपेक्षा मोठे नवे सोलर नाहीत, धोक्याच्या तारा हटवायच्या किंवा खाली घ्यायच्या आणि मोठ्या तारा ठरावीक पट्ट्यांतूनच न्यायच्या. मला विचाराल तर ९९ हजारांचा आदेश कागदावर मोठा होता आणि हा छोटा असूनही जमिनीवर उतरण्याची शक्यता जास्त आहे. हे मत सगळ्या पक्षिमित्रांना पटणार नाही. माझ्या एका मित्राला तर मुळीच पटत नाही, आणि आम्ही शंकरनगरच्या टपरीवर यावरून दोनदा वाद घातलाय. त्याचं म्हणणं, पक्षी नकाशा वाचत नाही, रेघेच्या बाहेरही उडतो. तेही चूक नाही.

दुसरा, स्वस्तातला उपाय म्हणजे तारेला फिरत्या, चमकत्या चकत्या लावणं. आता सुरुवातीला सांगितलेली डोळ्यांची गोष्ट आठवा. ज्याला समोर बघायचीच सवय नाही, त्याच्यासाठी चकती चमकली काय आणि न चमकली काय! दक्षिण आफ्रिकेत यावर चांगला प्रयोग झाला. तिथल्या तारांना खुणा लावल्यावर निळ्या क्रौंचांच्या धडका ९२ टक्क्यांनी घटल्या. पण त्याच तारांवर तिथल्या माळढोकाच्या भाईबंदांना, लुडविगच्या माळढोकाला, काहीच फरक पडला नाही. मला यात गोंदियासाठी मोठी गोष्ट दिसते. सारस हा क्रौंचच आहे. राजस्थानात ज्या चकत्यांवर पैसे घालणं शंकेचं आहे, त्याच चकत्या आपल्या धानपट्ट्यात कामी येऊ शकतात. एका पक्ष्याचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही, आणि नेमका तिथेच आपण सरसकट बोलून मोकळे होतो.

पवनचक्कीचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. विदर्भात पवनचक्क्यांचा फारसा प्रश्न नाही, वारा तेवढा नाही. पण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर त्या वीसेक वर्षांहून जास्त काळ फिरताहेत. संशोधकांनी २०१८ मध्ये तिथला अभ्यास प्रसिद्ध केला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले. त्यामुळे तिथल्या पंख्यासारखा रंगीत गळा फुलवणाऱ्या सरड्यांची संख्या वाढली. वर ते सरडे निर्धास्त झाले. माणूस जवळ गेला तरी लवकर पळेनात, त्यांच्या रक्तातलं ताणाचं रसायनही कमी आढळलं. कोणी म्हणेल, सरड्यांचं तर भलंच झालं! पण बघा, पवनचक्कीनं सरड्याला हातही लावला नव्हता. तिनं वरची घार हटवली आणि खालचं सगळं गणित हललं. मेलेले पक्षी मोजून हे कधीच कळलं नसतं.

उलटं उदाहरणही आपल्याच शिवारात आहे. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही जण लाइनवर आकडा टाकून कुंपणात थेट करंट सोडतात. त्यात माणसं मेली, गुरं मेली, वाघही मेले. उमरेड-कऱ्हांडल्याचा श्रीनिवास नावाचा वाघ २०१७ मध्ये नागभीडकडे असाच गेला. यावर वनखातं अनुदानावर देतं ते सौर कुंपण. शेतकरी त्याला झटका मशीन म्हणतात. त्यात पॅनेल आणि बॅटरीवर चालणारं एक खोकं साधारण सेकंदाला एकदा, तेही क्षणाच्या बारीकशा भागापुरता, झटका देतं. झटका जोरदार बसतो, जनावर उडी मारून पळतं, पण जीव जात नाही, कारण करंट सलग वाहत राहत नाही. म्हणजे उन्हाची वीज वाघ वाचवतेही. पुतणीला मी हे आधी सांगायला हवं होतं.

रस्त्यांच्या बाबतीत असा पेच आपण एकदा सोडवलाय, हेही सांगून टाकतो. नागपूर-जबलपूर महामार्गाच्या चौपदरीकरणावरून कोर्टकचेरी झाली, रडारड झाली. शेवटी मनसर ते खवासा या पट्ट्यात पेंचच्या जंगलातून जाताना नऊ ठिकाणी रस्ता वर उचलला, खालून जनावरांना वाट ठेवली. त्यांतली सगळ्यांत मोठी साडेसातशे मीटरची. कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्रे, चितळ त्या खालून जाताना दिसले. ते झालं कारण आधी कोणी तरी बसून मोजलं की जनावरं नेमकी कुठून जातात.

मोठ्या सोलरच्या बाबतीत हे मोजणंच होत नाही, आणि माझा खरा राग तिथे आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली पॅनेलांच्या सोलर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागत नाही. पवनचक्कीलाही नाही. जागा वनखात्याची किंवा अभयारण्याची असेल तरच परवानगीचा प्रश्न येतो. ही सूट चांगल्या हेतूनं दिली होती, धूर नाही, सांडपाणी नाही, मग अडवायचं कशाला. पण त्यामुळे "इथे कोण राहतं" हे विचारण्याची पायरीच गळाली.

त्यातून आपली महसुली भाषा. झाडं असतील तर ते जंगल, नांगर फिरला असेल तर शेत, आणि यातलं काहीच नसेल तर पडीक. माळ हा शब्द बोलण्यात आहे, कागदावर नाही. देशपातळीवरच्या पडीक जमिनींच्या नकाशातही गवताळ माळरानं आहेतच. म्हणजे काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे सगळे सरकारी हिशेबात ओसाड जागेत राहतात. धनगर आणि नंदगवळ्यांची गुरंही तिथेच चरतात. पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल याचंच भावंड. जुन्या मध्य प्रांताच्या नोंदींत ही बिनकामाची झुडपाची जमीन होती. सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी हे वनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२५ च्या मे महिन्यात सांगावं लागलं. इतकी वर्षं ती जमीन दोन शब्दांच्या मध्ये लोंबकळत होती.

आता राज्यात कृषी फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज देणाऱ्या लाइनी, सोलरवर नेण्याचं काम जोरात आहे. उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचे छोटे प्रकल्प उभारायचे आणि शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची. योजना मला मनापासून आवडते. रात्री दोन वाजता, वाघ-बिबट्याच्या भागात, बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जावं लागणाऱ्या माणसाला दिवसाची वीज म्हणजे काय, हे शहरात कळणार नाही. प्रकल्प छोटा आणि उपकेंद्राच्या जवळ, त्यामुळे लांब तारही लागत नाही. मात्र जागा कोणती घेतात हे बघावं लागतं, कारण बऱ्याच गावांत ती गायरानाची असते. नागपूरच्या आसपास आधीच मोडलेली जमीन कमी आहे का? खाणींच्या मातीचे डोंगर आहेत, भरून गेलेले राखेचे तलाव आहेत, गोदामांची छपरं आहेत. मेट्रोनं स्टेशनांच्या छपरांवर पॅनेल लावलेच की. हे महाग पडतं, अवघडही आहे, राखेवर पाया धरत नाही, सगळं मान्य. पण गायरान स्वस्त पडतं ते त्याची किंमत कोणी लावली नाही म्हणून.

पुतणीनं नंतर विचारलं, गावाजवळ सोलर येणार असेल तर आपण काय बघायचं. मी म्हटलं, गट नंबर विचार आणि सातबाऱ्यावर त्या जमिनीची नोंद काय आहे ते बघ. वीज कोणत्या उपकेंद्राला जाणार, तार कोणत्या तळ्यावरून, कोणत्या बांधीवरून, ते विचार. आणि तिसरं, ती जागा बघायला माणसं कोणत्या महिन्यात आली होती, ते विचार. या तिसऱ्या प्रश्नावर ती हसली.

अकोला-वाशीमच्या गवताळ रानात तणमोर येतो. तोही माळढोकाच्याच कुळातला, कोंबडीएवढा, आणि त्याच्याइतकाच संकटात. उन्हाळ्यात त्या रानात गेलं तर पिवळं खुरटं गवत आणि ढेकळं, बाकी काही नाही. पाहणी करणारा "पडीक" लिहून निघून जाईल आणि त्याचं खोटंही नसेल. पाऊस पडतो, गवत मांडीपर्यंत येतं, आणि मग सकाळी एक काळा नर त्या गवतातून सरळ वर उडी मारतो, पंख फडफडवतो, खाली पडतो, परत उडी मारतो. दिवसभरात शेकडो वेळा. मादीला दिसावं म्हणून. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे उभं राहिलं तरच हे दिसतं.